दृष्टिरेषेचा हिशेब : मल्टिप्लेअर खेळाची मॅपरचना आणि रेंडरिंगचा वेग

विषयाची व्याप्ती

संगणकीय खेळातील दृश्य आधी चित्रित करून ठेवलेले नसते. ते प्रत्येक क्षणी नव्याने रेखाटले जाते. या रेखाटनाला रेंडरिंग म्हणतात, आणि खेळ ज्या जागेत घडतो तिच्या आखणीला लेव्हल डिझाइन. जागा कलावंताने आखावी आणि वेग प्रोग्रामरने सांभाळावा, ही कामाची वाटणी वरवर सोयीची दिसते. पण कोणत्या ठिकाणाहून काय आणि किती दूरपर्यंत दिसेल हे आखणीतच ठरून जाते, आणि रेंडरिंगचा मोठा खर्च त्यावरच अवलंबून असतो. एकाच जागेत अनेक जण खेळत असतील, तर त्याच दृश्यतेवर सर्व्हरचा भार आणि खेळाची न्याय्यताही ठरते. म्हणून मल्टिप्लेअर खेळात वेगाचा विचार मॅपच्या पहिल्या कच्च्या आराखड्यापासून करावा लागतो.

फ्रेमचा वेळ

पडद्यावर उमटणाऱ्या एका संपूर्ण चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमसाठी १६.७ आणि ९० फ्रेमसाठी ११.१. या अवधीत सीपीयू पात्रांच्या हालचाली, टकरा आणि काय रेखाटायचे याची यादी तयार करतो. जीपीयू त्या यादीतील त्रिकोण पडद्यावर बसवून प्रत्येक पिक्सेलचा रंग काढतो. दोघांपैकी ज्याला उशीर होतो तो फ्रेमचा वेग ठरवतो. त्यामुळे सीपीयू अडलेला असताना जीपीयूचे काम कितीही हलके केले तरी फरक पडत नाही.

सरासरी आकडा येथे फसवा ठरतो. एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत पूर्ण झाल्या आणि एका फ्रेमला ११५ मिलिसेकंद लागले, तरी सरासरी साठच भरते. त्या एका फ्रेमचा अडखळा मात्र खेळणाऱ्याला स्पष्ट जाणवतो, आणि तो नेमका चकमकीत आला तर डावाचा निकालही बदलू शकतो.

एकट्याचा खेळ आणि अनेकांचा खेळ

एकट्याने खेळायच्या खेळात आखणीकार खेळाडूची वाट ठरवतो. कॅमेरा कोठून कोठे जाईल याचा अंदाज असल्याने जड दृश्याआधी एखादे दार किंवा अरुंद वाट ठेवता येते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या प्रकारचा आहे, त्यात कॅमेऱ्याची जागा बहुतांशी निर्मात्यांच्या हातात राहते.

मल्टिप्लेअर खेळात ही सोय नसते. कोणताही खेळाडू कोणत्याही क्षणी कोणत्याही दिशेला पाहू शकतो. शिवाय सगळे एकाच ठिकाणी जमू शकतात. तेव्हा पात्रे, गोळीबार, धूर आणि आवाज यांचा भार एकाच फ्रेमवर येतो. म्हणून येथे हिशेब मांडायचा तो सर्वांत वाईट क्षणाचा. रिकाम्या मॅपवरून फिरताना मिळालेला वेग कितीही चांगला असला तरी तो पुरावा म्हणून धरता येत नाही.

उदाहरणासाठी भूप्रदेश

हे परस्परसंबंध समजण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याचा भूप्रदेश उपयोगी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. उत्तरेला नर्मदा आणि तिच्या दक्षिणेला सातपुड्याच्या रांगा; अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा बराच भाग या डोंगरांत येतो. शहादा, तळोदा आणि नंदुरबारच्या बाजूला तापीखोऱ्याची सपाटी पसरते. तोरणमाळचे पठार, त्यावरील यशवंत तलाव, कडेची सीताखाई, वर चढणारा वळणावळणांचा घाट, टेकड्यांवर विखुरलेले पाडे आणि सपाटीत वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी, असा दृश्यांचा मोठा फरक थोड्या अंतरात सापडतो.

पुढील विवेचनात या घटकांपासून बनवलेला चार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असा एक कल्पित मॅप गृहीत धरला आहे. खेळाच्या मॅपमध्ये प्रत्यक्ष अंतरे आक्रसून घेण्याची पद्धत आहे. २०१७ च्या ‘पबजी’तील एरांगेल हा मॅप आठ बाय आठ किलोमीटरचा होता आणि पुढच्या वर्षी आलेला सॅनहॉक चार बाय चारचा. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाईवर येते, आणि शंभर खेळाडूंची गाठ लवकर पडू लागते.

न दिसणारे वगळणे

रेखाटायचा खर्च वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे न रेखाटणे. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. कॅमेऱ्याच्या दृष्टिकोनात न येणाऱ्या वस्तू आधी वगळल्या जातात; याला फ्रस्टम कलिंग म्हणतात. प्रत्येक वस्तूभोवती एक साधी पेटी कल्पून ती दृष्टिक्षेत्रात येते की नाही एवढेच तपासले जाते, त्यामुळे हे काम स्वस्तात होते. दुसरी पायरी ऑक्लूजन कलिंगची: वस्तू दृष्टिक्षेत्रात आहे, पण भिंतीच्या किंवा डोंगराच्या मागे झाकली गेली आहे, तेव्हा तीही वगळायची. ही तपासणी अधिक महाग असते.

१९९६ च्या ‘क्वेक’ या खेळाने हा प्रश्न आधीच गणना करून सोडवला. मॅप लहान कप्प्यांत विभागून, कोणत्या कप्प्यातून कोणते कप्पे दिसू शकतात याची यादी खेळ बाजारात येण्यापूर्वीच काढून ठेवली जाई. खेळ चालू असताना संगणकाला फक्त ती यादी वाचावी लागे. ही पद्धत बंदिस्त खोल्या आणि बोळांच्या मॅपला चांगली लागू पडते. उघड्या माळावर प्रत्येक कप्प्यातून जवळजवळ प्रत्येक कप्पा दिसतो, आणि यादी असूनही वगळण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे तंत्र किती उपयोगी पडेल हे शेवटी जागेच्या आकारावर ठरते.

घाट आणि खाई

घाटरस्ता या दृष्टीने आदर्श रचना आहे. एका बाजूला डोंगराचा कडा, समोर वळण आणि वळणाआड पुढचा रस्ता. खेळाडू कोठेही उभा राहिला तरी रस्त्याच्या दिशेने दृष्टिरेषा पन्नास-साठ मीटरांत तुटते आणि मागचे सगळे वगळता येते. वळण घेताच नवे दृश्य खुले होते, पण तोवर आधीचे झाकले गेलेले असते. २००१ साली ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये आलेल्या ‘डस्ट टू’ या प्रसिद्ध मॅपमध्येही बोळ, दरवाजे आणि कोपरे यांच्या योगाने लांब दृष्टिरेषा मोजक्याच ठेवल्या आहेत.

घाटाला दुसरी बाजूही असते. दरीच्या अंगाने काहीच आड येत नाही. सीताखाईसारख्या कडेवर उभ्या असलेल्या खेळाडूला समोरची डोंगररांग, खालचे जंगल आणि दूरची सपाटी एकाच वेळी दिसू शकते. हे दृश्य मॅपचे आकर्षण असते आणि वेगाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत महाग बिंदूही. यावर तीन उपाय संभवतात. कडेवर पोचता येणारी ठिकाणे मोजकी ठेवणे. तिथून दिसणारा दूरचा भाग खेळण्याजोगा न ठेवता तो निव्वळ चित्र म्हणून रंगवणे. किंवा मध्ये एखादी सोंड वा टेकाड आणून दृष्टिरेषा तोडणे. तिसरा उपाय खेळालाही पोषक असतो, कारण त्यामुळे चढणाऱ्याला आडोसा मिळतो आणि वरून नेम धरणाऱ्याचे वर्चस्व कमी होते.

डोंगराची जाळी

भूपृष्ठ साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे उंचीचा नकाशा. समान अंतरावरील बिंदूंची केवळ उंची नोंदवली जाते आणि ते बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी तयार होते. चार किलोमीटर बाजूच्या मॅपवर दर मीटरला एक नोंद आणि प्रत्येक नोंदीला दोन बाइट धरले, तर सुमारे ३२ एमबी जागा लागते. दर दोन मीटरला एक नोंद घेतली की तीच जागा ८ एमबीवर येते. उपग्रहावरून घेतलेली, मुक्तपणे उपलब्ध असलेली उंचीची माहिती साधारण ३० मीटर अंतराची असते. म्हणजे चार किलोमीटरच्या एका बाजूवर जेमतेम १३३ नोंदी. सातपुड्याच्या रांगांचा मोठा उतार तिच्यातून मिळू शकतो, पण गुडघाभर उंचीचा बांध किंवा नाल्याचा काठ मिळत नाही. चकमकीत महत्त्व असते ते या लहान चढउतारांना, म्हणून ते हातानेच घडवावे लागतात.

उंचीच्या नकाशाची एक अंगभूत मर्यादा आहे. एका बिंदूला एकच उंची असल्याने गुहा, लटकता खडक किंवा पूर्ण उभा कडा त्यात मांडता येत नाही. असे भाग स्वतंत्र त्रिमितीय आकृती म्हणून वर बसवले जातात. खडकांच्या पाच-सहा आकृती फिरवून, लहानमोठ्या करून आणि एकमेकींत घुसवून लांबलचक कडा उभा करता येतो; त्यासाठी प्रत्येक खडक वेगळा घडवावा लागत नाही.

तपशिलाचे स्तर

दूरच्या वस्तूला जवळच्या वस्तूइतके त्रिकोण देणे व्यर्थ असते, हा विचार जेम्स क्लार्क यांनी १९७६ च्या शोधनिबंधात मांडला. त्यातून पुढे तपशिलाच्या स्तरांची, म्हणजे एलओडीची पद्धत रूढ झाली. एकाच वस्तूच्या तीन-चार आवृत्त्या बनवतात आणि अंतर वाढेल तशी साधी आवृत्ती वापरतात.

यामागचे गणित सोपे आहे. पडद्याची उंची ७२० पिक्सेल आणि कॅमेऱ्याचा उभा दृष्टिकोन ६० अंश असेल, तर पाच मीटर उंचीचे घर २० मीटरांवरून सुमारे १५६ पिक्सेल उंच दिसते आणि ५०० मीटरांवरून अवघे ६ पिक्सेल. सहा पिक्सेलांत कौलांची ओळ न् ओळ कोरण्याला अर्थ नाही. चार भिंती आणि दोन उतारांचे छप्पर पुरते. आणखी दूर असलेला संपूर्ण पाडा टेकडीसह एकाच साध्या आकृतीत मिसळून टाकता येतो. मात्र आवृत्ती बदलताना वस्तू डोळ्यांदेखत उडी मारल्यासारखी बदलली तर लक्ष विचलित होते आणि तेथे शत्रू हलल्याचा भास होतो. म्हणून बदलाचे अंतर मॅपच्या प्रत्यक्ष दृष्टिरेषांवरून ठरवावे लागते.

ड्रॉ कॉल आणि पाड्याची घरे

सीपीयूने जीपीयूला दिलेल्या ‘हे रेखाट’ अशा प्रत्येक आज्ञेला ड्रॉ कॉल म्हणतात. आज्ञा तयार करण्याचा खर्च वस्तू लहान असो वा मोठी, जवळपास सारखाच असतो. त्यामुळे शंभर त्रिकोणांच्या हजार वस्तू सीपीयूला एक लाख त्रिकोणांच्या एका वस्तूपेक्षा फार जड जातात.

पाड्यावरचे घर कुडाच्या भिंती, लाकडी खांब, कौले, अंगणातील मांडव आणि कुंपण यांचे बनते. प्रत्येक भाग वेगळी वस्तू आणि वेगळा पोत घेऊन आला, तर एका घराला दहा-बारा आज्ञा लागतात आणि तीस घरांच्या पाड्याला तीनशेच्या वर. यावर दोन मार्ग आहेत. सर्व भागांचे पोत एकाच मोठ्या चित्रात बसवून न हलणारे भाग एकत्र जोडणे, याला बॅचिंग म्हणतात. एकच खांब किंवा कुंपण अनेक ठिकाणी एका आज्ञेत रेखाटणे, याला इन्स्टन्सिंग. जोडणी किती मोठी करावी यालाही मर्यादा आहे. संपूर्ण पाडा एकत्र जोडला, तर त्याचा एक कोपरा दिसताच सगळा पाडा रेखाटावा लागतो आणि वगळण्याचा लाभ बुडतो. घर हे जोडणीचे एकक धरले, तर दोन्ही गरजांचा मेळ बसतो.

पोत, स्मृती आणि मिरचीची पथारी

नंदुरबार परिसरात मिरचीच्या हंगामात मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत घालतात. अशी पथारी मॅपमध्ये आणायची तर प्रत्येक मिरची घडवण्याचा विचारही नको. जमिनीवर मिरचीच्या थराचा पोत, त्यावर उजेड-सावलीचा आभास देणारा नॉर्मल मॅप, आणि कडेला खऱ्या आकाराचे थोडे ढीग एवढ्यावर भागते. खेळाडू उभा असताना त्याचा डोळा जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटर उंच असतो. तेवढ्या अंतरावरून सपाट पोत खपून जातो. खेळाडू आडवा पडला की फसवणूक उघडी पडते, म्हणून ढीग हवेत ते पथारीच्या कडेला, जिथे आडोशासाठी लोक आडवे पडतात.

पोताची किंमत स्मृतीत मोजली जाते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलांचा, पिक्सेलला चार बाइट घेणारा पोत १६ एमबी जागा व्यापतो. आजच्या मोबाइल जीपीयूंवर चालणाऱ्या एएसटीसी या संक्षेपपद्धतीत आठ बाय आठचा गट वापरला, तर तो १ एमबीत मावतो. बारीक तपशील थोडा मऊ होतो. दूरच्या पृष्ठभागासाठी त्याच पोताच्या क्रमाने निम्म्या होत जाणाऱ्या आवृत्त्या ठेवतात. त्यांना मिपमॅप म्हणतात, आणि लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. त्यामुळे एक तृतीयांश जागा वाढते, पण दूरची जमीन चमचमत नाही आणि स्मृतीतून होणारी वाचनेही कमी होतात. कमी रॅमच्या फोनवर ही बचत निर्णायक असते; स्मृती संपली तर खेळ मंदावत नाही, बंदच पडतो.

झाडी आणि एकावर एक चढणारा रंग

सातपुड्यातील जंगल मुख्यतः पानझडी असून त्यात साग मोठ्या प्रमाणावर आहे. खेळात झाडाची पाने सहसा सपाट पत्र्यांवर छापलेली असतात आणि पानांमधली जागा पारदर्शक ठेवलेली असते. अशा दहा पत्र्यांमागे दहा पत्रे आले की एकाच पिक्सेलचा विचार पुनःपुन्हा करावा लागतो. याला ओव्हरड्रॉ म्हणतात. अपारदर्शक भिंतीमागचे पिक्सेल जीपीयू लवकर वगळू शकतो. पत्र्याचा कोणता भाग रिकामा आहे हे मात्र पोत वाचल्यावरच कळते, म्हणून तेथे ही सूट मिळत नाही.

ओव्हरड्रॉचा भार पिक्सेलांच्या संख्येने गुणला जातो. १६०० बाय ७२० च्या पडद्यावर साडेअकरा लाख पिक्सेल असतात, तर २४०० बाय १०८० वर जवळपास २६ लाख; म्हणजे सव्वादोन पट. झाडी दाट असेल तिथे रेखाटनाचे रिझोल्यूशन थोडे उतरवणे यासाठीच परिणामकारक ठरते. आखणीच्या पातळीवर ऋतूची निवडही मदत करते. उन्हाळ्यातील सागवन दाखवले तर पाने विरळ, खोडे ठळक आणि जमीन उघडी राहते. ओव्हरड्रॉ घटतो, पण झाकलेपणही घटते आणि दृष्टिरेषा लांबतात. पावसाळ्यातील वन दाखवले तर याच्या उलट होते. एकीकडची बचत दुसरीकडे खर्ची पडते, आणि ती कोठे परवडेल हे मोजूनच ठरवावे लागते.

प्रकाश, सावली आणि धुके

प्रत्यक्ष चालू खेळात सावली काढायची म्हणजे सूर्याच्या जागेवरून संपूर्ण दृश्य पुन्हा एकदा रेखाटायचे. न हलणाऱ्या भूप्रदेशासाठी हा प्रकाश आधीच गणून पोतात साठवतात. त्याला बेकिंग म्हणतात. त्यामुळे दरीतील मऊ सावली आणि भिंतींवरून परतलेला उजेड जवळजवळ फुकट मिळतो. त्याची किंमत म्हणजे वेळ गोठते: सकाळची संध्याकाळ करता येत नाही, आणि दार उघडले तरी उजेड आत येत नाही. हलती सावली मग केवळ जवळच्या पात्रांपुरती राखून ठेवतात.

धुके हा जुना आणि प्रामाणिक उपाय आहे. तोरणमाळच्या पठारावर पावसाळ्यात उतरणारे धुके मॅपमध्ये आणले, तर दोनशे मीटरांपलीकडचे काहीच रेखाटावे लागत नाही. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ने प्लेस्टेशनची मर्यादा धुक्याआड झाकली, आणि तेच त्या खेळाचे वैशिष्ट्य ठरले. मल्टिप्लेअरमध्ये त्याला एक अट जोडलेली असते: धुके सर्वांना सारखेच दिसले पाहिजे, आणि सेटिंगमधून कोणालाही ते काढून टाकता येता कामा नये.

सर्व्हरच्या बाजूने दृश्यता

शंभर खेळाडूंच्या सामन्यात प्रत्येकाला इतर ९९ जणांची खबर द्यायची ठरवले, तर दर फेरीला ९,९०० नोंदी पाठवाव्या लागतात. सेकंदाला वीस फेऱ्या धरल्या तर १,९८,००० नोंदी. प्रत्येकाला जवळच्या वीस जणांचीच खबर दिली, तर हा आकडा ४०,००० वर येतो. याचा फायदा नेटवर्कपुरता मर्यादित राहत नाही. ज्या पात्राची खबरच आली नाही, त्याचा सांगाडा हलवणे, कपडे रेखाटणे आणि पावलांचा आवाज काढणे ही सगळी कामे फोनवरूनही वगळली जातात.

येथे मॅपची रचना पुन्हा पुढे येते. घाटाच्या दोन वळणांवरील खेळाडू हवाई अंतराने चाळीस मीटरांवर असले तरी एकमेकांना दिसत नसतात. पठाराच्या कडेवरचा खेळाडू मात्र चारशे मीटरांवरचा माणूस पाहू शकतो. केवळ अंतर पाहून खबर गाळली तर पहिल्या ठिकाणी ती वाया जाते आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरी पडते. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये सर्व्हर दृष्टिरेषेचाही विचार करतो आणि भिंतीआडच्या प्रतिस्पर्ध्याची जागा तो दिसू लागण्याच्या बेतात येईपर्यंत पाठवत नाही. भिंतीपलीकडचे पाहण्याची चोरवाट वापरणाऱ्यांना त्यामुळे फारसे काही हाती लागत नाही. चांगल्या आडोशांचा मॅप अशा रीतीने रेखाटन, नेटवर्क आणि फसवणुकीला आळा या तिन्ही कामांना उपयोगी पडतो.

बचत आणि न्याय्यता

एकट्याच्या खेळात दूरचे गवत वगळले तर नुकसान फक्त सौंदर्याचे होते. मल्टिप्लेअरमध्ये गवतात आडवा झालेला खेळाडू स्वतःला झाकलेला समजतो, आणि तीनशे मीटरांवरून पाहणाऱ्याच्या पडद्यावर गवतच नसल्याने तो उघड्या जमिनीवर दिसतो. मोठ्या उघड्या मॅपच्या खेळांत ही तक्रार जुनी आहे. कमी क्षमतेच्या फोनवर गवत आणखी जवळच तुटत असेल, तर साध्या फोनच्या मालकालाच जास्त दिसते असा विचित्र प्रकार घडतो.

यातून आखणीचा एक पक्का नियम निघतो: आडोसा म्हणून उपयोगी पडणारी वस्तू कोणत्याही अंतरावर आणि कोणत्याही सेटिंगवर वगळायची नाही. तापीकाठच्या सपाटीत आडोसा द्यायचा तर तो शेताचे बांध, नाल्याचे काठ, विहिरीचा कठडा आणि दगडी भिंती यांनी द्यावा. गवत, पिकांचे शेंडे आणि झुडपे ही शोभा मानावी आणि त्यांच्याआड दडण्याची सोय खेळाने सुचवूही नये. दूरच्या आवृत्तीतही बांधाची उंची तीच राहील हे स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण त्रिकोण कमी करताना सर्वांत आधी असे लहान उंचवटेच सपाट होतात.

पुण्यातील उदाहरण

महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर भिडलेली कंपनी म्हणजे पुण्याची सुपरगेमिंग. ‘मास्कगन’ हा लहान संघांचा नेमबाजीचा मोबाइल खेळ चालवल्यानंतर तिने ‘इंडस बॅटल रॉयल’ हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएसवर आणला. भारतीय वास्तुशैली आणि भविष्यकाळ यांची सांगड घातलेला त्याचा मॅप विरलोक या नावाने ओळखला जातो.

दोन प्रकारच्या खेळांतील अंतर येथे स्पष्ट होते. लहान संघांच्या खेळात बंदिस्त मॅप, मोजके खेळाडू आणि तुटक्या दृष्टिरेषा असतात. बॅटल रॉयलमध्ये उघडा भूप्रदेश, मोठी संख्या आणि आकुंचत जाणारे वर्तुळ असते. डाव जसा संपत येतो तशी माणसे दाटत जातात. ‘इंडस’मध्ये शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम हे द्रव्य ताब्यात घेऊनही विजय मिळवता येतो. अशा नियमामुळे उरलेले खेळाडू एका ठिकाणाकडे ओढले जातात. सर्वांत जड क्षण कोठे येणार हे नियमावरूनच कळत असेल, तर ती जागा आखताना आधीच काटकसर करता येते: भोवती उंच अपारदर्शक भिंती, पारदर्शक झाडी अगदी थोडी आणि साठवलेला प्रकाश. खेळाचा नियम आणि दृश्याचा खर्च एकमेकांत गुंतलेले असतात ते असे.

उष्णता आणि मोजमाप

फोनमध्ये पंखा नसतो. चिप तापली की ती स्वतःचा वेग उतरवते. पहिल्या पाच मिनिटांत साठ फ्रेम देणारा फोन विसाव्या मिनिटाला चाळीसवर येऊ शकतो. तापीखोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि बाहेरची हवा तापलेली असेल तर फोनची उष्णता बाहेर पडायलाही अडचण होते. वातानुकूलित कार्यालयात घेतलेली चाचणी शहाद्यातल्या दुपारी लागू पडेलच असे नाही.

म्हणून मोजमाप लक्ष्य ठरवलेल्या साध्या फोनवर, सामन्याच्या पूर्ण लांबीइतके आणि गर्दीसह घ्यावे लागते. मॅपवर ठरावीक बिंदू निश्चित करतात: घाटाचे वळण, सीताखाईची कड, पाड्याचे अंगण, मिरचीची पथारी. प्रत्येक बिंदूवर चारही दिशांनी फ्रेमचा वेळ, ड्रॉ कॉल, त्रिकोण आणि स्मृती नोंदवतात. रिझोल्यूशन निम्मे करून वेग वाढला तर अडचण पिक्सेलांची. न वाढला तर बहुधा सीपीयूची. ही एक साधी कसोटी पुढच्या कामाची दिशा ठरवते.

मर्यादा

नव्या तंत्रांनी यातील काही नियम सैल केले आहेत. २०२२ मध्ये आलेल्या अनरियल इंजिन ५ मधील नॅनाइट ही पद्धत तपशिलाचे स्तर आपोआप आणि बारीक तुकड्यांनी बदलते. हाताने आवृत्त्या बनवण्याचे काम तिने बरेच कमी केले. पण तिची रचना शक्तिशाली जीपीयू डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे, आणि लोकांच्या हाती असलेल्या साध्या फोनांना ती आधार देत नाही. शिवाय कोणतेही तंत्र दृष्टिरेषा ठरवत नाही. आडोसा कोठे असावा आणि कोणाला कोण दिसावे हे तंत्राबाहेरचे निर्णय आहेत.

त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी करड्या ठोकळ्यांचा कच्चा मॅप, त्यावर पूर्ण संख्येने खेळलेला सामना, मग दृष्टिरेषांची दुरुस्ती, आणि शेवटी पोत, झाडी व प्रकाश. ठोकळ्यांच्या अवस्थेत सीताखाईसमोर एक सोंड पुढे ओढणे अर्ध्या तासाचे काम असते. तोच कडा रंगवून, झाडे लावून आणि प्रकाश साठवून झाल्यावर ती सोंड आणायची, तर तीन विभागांचे काम पुन्हा करावे लागते. तेव्हा बहुतेक वेळा सोंड येत नाही. त्याऐवजी सगळ्या मॅपवरची झाडी कापली जाते, आणि मूळ दोष कडेवर तसाच राहतो.